गच्चीवरचा शेजार, खिशातला शेजार

दोन अँटेना एकमेकांच्या जवळ उभे केले की शेजाऱ्याच्या कामात हात घातल्याशिवाय ते राहत नाहीत. एकात प्रवाह वाहू लागला की दुसऱ्यात आपोआप प्रवाह उमटतो. तो दुसराही मग लहरी फेकतो, त्या पहिल्यावर येऊन पोचतात, आणि दोघांचंही वागणं एकटं असतानापेक्षा वेगळं होऊन बसतं. अभियंते याला म्युच्युअल कपलिंग म्हणतात. मोबाइल, वायफाय आणि ५जीची यंत्रं घडवणाऱ्यांची याने झोप उडवली आहे. त्यावर उतारा म्हणून मेटामटेरियल नावाच्या, निसर्गात न सापडणाऱ्या रचना वापरण्याचं संशोधन गेली वीस-पंचवीस वर्षं जोरात चाललं आहे. माझ्या पिढीला मात्र हे कपलिंग पुस्तकात भेटण्याआधी गिरगावातल्या चाळीच्या गच्चीवर भेटलं. भांडणासकट भेटलं.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. सुरुवातीला आमच्या चाळीत टीव्ही एकाच घरी होता आणि त्या घराच्या उंबऱ्यापर्यंत माणसं बसलेली असत. १९८२च्या दिल्लीतल्या एशियाडच्या वेळी रंगीत प्रक्षेपण आलं, टीव्ही हप्त्यांवर मिळू लागले, आणि बघता बघता गच्चीवर ॲल्युमिनियमच्या काड्यांचं रान माजलं. जिथे उन्हाळ्यात कुरडया-पापड वाळत आणि संक्रांतीला पतंग उडत, तिथे वाळवणाला जागा शोधावी लागे. कटलेला पतंग हमखास कुणाच्या तरी अँटेनात अडके.

लोखंडी पाइप, त्याला तारेचे ताण, वर आडवी दांडी, दांडीवर काड्या. त्यातल्या एका वाकवलेल्या काडीला बॅकेलाइटची डबी, आणि डबीतून भिंतीला धरून खाली उतरणारी तीनशे ओहमची चपटी वायर. लॅमिंग्टन रोडवर तयार अँटेना मिळायचा, पण माझे वडील नळ्या मापात कापून आणायचे आणि स्वतः जुळवायचे. वायर जोडलेली ती काडी सव्वादोन मीटरच्या आसपास भरे. मुंबईचं केंद्र साठ मेगाहर्ट्झच्या थोड्या वर चाले, म्हणजे लहरीची लांबी पाच मीटरला जरा कमी, आणि काडी लहरीच्या साधारण निम्मी. माणसाच्या उंचीहून लांब असलेली ती नळी दोन्ही हातांत धरली की रेडिओलहर केवढी असते हे अंगाला कळायचं. आज इतकी वर्षं हा विषय शिकवून झाल्यावरही मला वाटतं की ते कळणं कुठल्याच आकृतीने येत नाही.

भांडण बहुतेक रविवारी संध्याकाळी व्हायचं. सिनेमा सुरू व्हायच्या आधी कुणीतरी वर जाऊन आपला अँटेना वळवी, आणि तिसऱ्या खोलीतल्या काकूंच्या पडद्यावर मुंग्या धावू लागत. “अहो, तुमच्या अँटेनानं आमचं चित्र खाल्लं हो!” अशी त्यांची हाक गॅलरीतून येई. वडील म्हणत, “वहिनी, तुमच्या अँटेनाला आम्ही बोटसुद्धा लावलेलं नाही.” दोघंही खरं बोलत होते.

शेजारचा अँटेना मीटरभरावर असला तर लहरीच्या मापात ते अंतर जेमतेम एक पंचमांश होतं. अँटेना बनवणारे मागची परावर्तक काडी जवळजवळ एवढ्याच अंतरावर मुद्दाम बसवतात. म्हणजे आमचा अख्खा अँटेना हा काकूंच्या अँटेनाला न मागता मिळालेला जास्तीच्या काड्यांचा जुडगा होता. तो वळला की त्यांच्या अँटेनाची दिशाही बदले आणि जोरही बदले. बोट न लावता दुसऱ्याचं चित्र बिघडवता येतं, हे काकूंनी कुठलंही समीकरण न मांडता ओळखलं होतं.

यावर उपाय एकच होता, लांब जाण्याचा. चाळीच्या बैठकीत ठरलं की दोन अँटेनांच्या मध्ये एका माणसाला दोन्ही हात पसरून फिरता यावं एवढी जागा सोडायची. ज्याच्या वाट्याला तेवढी जागा आली नाही त्याने पाइप उंच केला. आडवं अंतर मिळालं नाही तर उभं. त्या पिढीच्या रेडिओ अभियांत्रिकीतही याहून फार वेगळा उपाय नव्हता. मोठमोठ्या केंद्रांचे मनोरे मोकळ्या माळावर, खाडीच्या काठावर, एकमेकांपासून दूर उभे राहत. देशात जागा होती आणि लहरी लांब होत्या.

कॉलेजात गेल्यावर मला या गच्चीची दुसरी बाजू कळली. ज्या कपलिंगवरून आमची भांडणं होत, त्याच कपलिंगवर ते अँटेना चालत होते. हा अँटेना जपानातल्या सेंदाई इथल्या तोहोकू इंपीरियल विद्यापीठातला. शिंतारो उदा यांनी त्यावर प्रयोग केले, १९२६ साली तो जपानीत मांडला गेला, आणि त्यांचे वरिष्ठ हिदेत्सुगु यागी यांनी १९२८मध्ये इंग्रजीत लेख लिहून तो जगापुढे नेला. नाव यागींचं झालं. राबले अधिक उदा, म्हणून मी वर्गात नेहमी दोन्ही नावं घेत आलो. या अँटेनाच्या सगळ्या काड्यांपैकी वायर फक्त एकीला असते. बाकीच्या कशालाही जोडलेल्या नसतात. शेजारणीकडून जो प्रवाह उमटेल त्यावर त्यांचं सगळं काम चालतं. मागची काडी किंचित लांब, पुढच्या किंचित आखूड. लांबीतल्या एवढ्याशा फरकाने प्रत्येकीतला प्रवाह योग्य तेवढा मागे-पुढे सरकतो आणि सगळ्यांच्या लहरी मिळून एकाच दिशेला जोर धरतात. १९४२मध्ये सिंगापूर पडल्यावर जपानी सैन्याला ब्रिटिशांच्या रडारच्या टिपणांत ‘यागी’ हा शब्द आढळला, आणि ते आपल्याच प्राध्यापकाचं नाव आहे हे त्यांना एका युद्धकैद्याकडून कळलं. घरच्या शोधाची किंमत परक्याच्या वहीतून कळावी, याचं मला आजही वाईट वाटतं.

कपलिंगचा हिशेब आम्ही क्राउसच्या जाडजूड पुस्तकातून शिकलो. फिलिप कार्टर यांनी १९३२मध्येच तो मांडून ठेवला होता. अर्ध्या लहरीचा डायपोल एकटा असताना त्याच्या इम्पीडन्सचा रोधाचा भाग सुमारे ७३ ओहम. त्याला समांतर दुसरा तसाच डायपोल अर्ध्या लहरीवर आणला की परस्पर इम्पीडन्सचा तोच भाग उणे साडेबारा ओहमच्या आसपास येतो. अंतर कमी करत गेलं की तो शून्य ओलांडून वाढत वाढत थेट ७३कडे जातो. ही संख्या पहिल्यांदा कागदावर काढली तेव्हा मला काकूंची हाक आठवली होती. खूप जवळ आलेले दोन अँटेना हे दोन उरतच नाहीत, एवढंच ते गणित सांगतं.

त्या काळची दुसरी तक्रार भुतांची. उंच इमारतीवरून परतलेली लहर सरळ आलेल्या लहरीच्या क्षणभर मागून पोचे आणि निवेदिकेच्या खांद्यामागे तिचीच फिकट प्रतिमा उभी राही. सगळे तिला भूत म्हणत. भूत घालवायला अँटेना इंचाइंचाने फिरवायचा, खाली खिडकीत एक जण, जिन्यात एक जण, वर एक जण. ते भूत म्हणजे शुद्ध नुकसान, याबद्दल कुणालाच शंका नव्हती.

नव्वदच्या दशकात केबल आली आणि गच्च्या मोकळ्या झाल्या. काड्या भंगारात किलोवर गेल्या. ३१ जुलै १९९५ रोजी देशातला पहिला मोबाइल कॉल झाला तेव्हाच्या फोनवर अँटेना डोळ्यांना दिसत होता, बाहेर ओढताही येत होता. काही वर्षांत तो फोनच्या पोटात गेला. लोकांना वाटलं अँटेनाचा जमाना संपला. झालं उलटंच. आज आपल्या खिशातल्या एका फोनमध्ये मोबाइल नेटवर्कचे कित्येक, शिवाय वायफाय, ब्लूटूथ, जीपीएस असे अँटेना एकमेकांना खेटून बसलेले आहेत. धातूच्या कडेचा फोन असेल तर त्या कडेवर बारीक प्लॅस्टिकच्या रेघा दिसतात; त्या शोभेच्या नाहीत, एका अँटेनाची हद्द संपून दुसऱ्याची सुरू होते तिथल्या आहेत.

आता लांबीचा हिशेब पाहा. ९०० मेगाहर्ट्झला लहर ३३ सेंटिमीटरची. फोनची उंची १५-१६ सेंटिमीटर. म्हणजे आख्खा फोन अर्ध्या लहरीएवढाही नाही, आणि त्यात शेजारी एक नाही, अनेक. २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायची लहर साडेबारा सेंटिमीटरची, तिथेही दोन अँटेनांना मनासारखं अंतर द्यायला फोनमध्ये जागा नाही. चाळीच्या बैठकीचा ठराव इथे लागूच होत नाही.

एवढे अँटेना हवेतच कशाला, असा प्रश्न मला पालकसभेतसुद्धा विचारला गेला आहे. त्याच्या उत्तरात पुणं येतं. एकाच फ्रिक्वेन्सीवर, एकाच वेळी, अनेक अँटेनांतून वेगवेगळी माहिती सोडायची आणि पलीकडच्या अनेक अँटेनांनी ती वेगळी करून घ्यायची, या पद्धतीला माइमो म्हणतात. स्टॅनफर्डमध्ये आरोग्यस्वामी पॉलराज आणि थॉमस कैलथ यांना या विचारावरचं अमेरिकन पेटंट १९९४मध्ये मिळालं; पाठोपाठ बेल लॅब्जमधल्या फॉस्किनी यांच्या १९९६च्या कामाने त्याला मोठी चालना दिली. कैलथ यांचा जन्म १९३५चा, पुण्यातला. पुण्याच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५६मध्ये पदवी घेऊन ते एमआयटीला गेले. पॉलराज तामिळनाडूतल्या पोल्लाचीचे. कोवळ्या वयात खडकवासल्याच्या एनडीएत आले, नौदलात गेले, नौदलासाठी सोनार उभारलं आणि मग स्टॅनफर्डला पोचले. जगभरच्या फोनमध्ये बसलेल्या या कल्पनेचे दोन जनक तरुणपणी पुण्याच्या हवेत वाढले, हे आपल्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे?

माइमो चालतं ते त्या भुतांच्या जिवावर. इमारती, भिंती, झाडं यांच्यावरून परतणाऱ्या लहरींमुळे प्रत्येक अँटेनाकडे जाणारी वाट जराशी वेगळी होते, आणि त्या वेगळेपणातूनच एकमेकांत मिसळलेल्या माहितीच्या धारा सोडवता येतात. आम्ही जिन्यात उभं राहून ज्याला हाकललं, त्याच्यावर आजचा इंटरनेट उभा आहे. आणि ज्या कपलिंगवर यागी-उदांचा अँटेना जगला, तेच इथे नको झालं आहे. दोन अँटेना वेगळी साक्ष देतात तोवरच दोघांना बोलावण्यात अर्थ असतो. बाहेर एकमेकांशी बोलून आलेले साक्षीदार दोन असले तरी साक्ष एकच होते. कपलिंग वाढलं की दोन्ही अँटेनांना ऐकू येणारं सारखंच होत जातं. शिवाय एकाने फेकलेल्या शक्तीतला वाटा दुसराच गिळतो, आणि बॅटरी त्याचे पैसे भरत राहते. म्हणून आयसोलेशन, म्हणजे दोघं एकमेकांपासून किती सुटे आहेत ते, मोजतात. उणे १० डेसिबेल म्हणजे शक्तीचा दहावा हिस्सा शेजाऱ्याकडे गेला. उणे २० म्हणजे शंभरावा, आणि मग अभियंत्याला जरा हायसं वाटतं.

अंतर देता येत नसेल तर काय करायचं? मधली जागाच बदलायची. इथे गोष्ट आमच्या गच्चीपासून खरोखर वेगळी होते, आणि मला ती मनापासून आवडते.

या वाटेवर सगळ्यात आधी एक भारतीय माणूस उभा दिसतो. जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात १८९५च्या सुमारास काही मिलिमीटर लांबीच्या लहरींवर काम केलं. १८९८मध्ये त्यांनी तागाचे धागे पिळून, त्यांचे जुडगे लहरीच्या वाटेत ठेवले आणि लहरीचं ध्रुवण फिरतं हे दाखवलं. उजवा पीळ एका बाजूला फिरवी, डावा दुसऱ्या. पदार्थ तोच ताग, पण त्याची रचना लहरीला नवं वागणं शिकवत होती. पदार्थाचा गुण त्याच्या द्रव्यात नसून घडणीत असू शकतो, हा मेटामटेरियलचा गाभा त्या तागात होता. पुढे १९४०च्या दशकात बेल लॅब्जमधल्या विन्स्टन कॉक यांनी धातूच्या पट्ट्या-गोळ्यांपासून कृत्रिम भिंगं केली. १९६७मध्ये सोव्हिएत संघातल्या व्हिक्टर व्हेसेलागो यांनी कागदावर विचारलं, विद्युत आणि चुंबकीय असे दोन्ही गुणांक उणे असलेला पदार्थ असला तर? असा पदार्थ तेव्हा कुणाजवळच नव्हता. १९९९मध्ये लंडनचे जॉन पेंड्री यांनी चीर पाडलेल्या तांब्याच्या कड्यांतून उणे चुंबकीय गुणांक मिळवण्याची युक्ती दिली, आणि २०००मध्ये सॅन डिएगोत डेव्हिड स्मिथ यांच्या गटाने तसा पदार्थ बांधून दाखवला. व्हेसेलागोंनी हे हयातीत पाहिलं. ते २०१८मध्ये गेले.

कडं काम कसं करतं ते सांगतो, कारण सगळी खुबी त्यात आहे. तांब्याचं छोटं कडं, त्याला एक चीर. कडं म्हणजे वेटोळं, चीर म्हणजे कपॅसिटर. दोन्ही मिळून एका ठरावीक फ्रिक्वेन्सीला घुमतात. रेडिओ जुळवताना आपण जे करत होतो तेच, फक्त इथे सगळं कड्याच्या आकारात कोरलेलं. शेजारच्या अँटेनाचं चुंबकीय क्षेत्र कड्यातून गेलं की कड्यात प्रवाह फिरतो, आणि त्या घुमण्याच्या फ्रिक्वेन्सीच्या जरा वर हा प्रवाह येणाऱ्या क्षेत्राला नुसता विरोध करत नाही, त्याच्याहून वरचढ ठरतो. अशी पुष्कळ कडी, प्रत्येक लहरीच्या दहाव्या हिश्श्याएवढं, दाटीने उभी केली की लहरीला ती सुटी कडी दिसत नाहीत. उणे चुंबकीय गुणांकाचा एकसंध पदार्थ दिसतो. फक्त एकच गुणांक उणे असला तर लहर त्यात पुढे जाऊ शकत नाही, आत शिरताच विरत जाते. दोन अँटेनांच्या मध्ये ही भिंत उभी केली की लहरीच्या आठव्या हिश्श्याएवढ्या जवळिकीतही दोघं वेगळे वागू शकतात.

साध्या धातूचा पत्रा का नाही लावायचा, हा विद्यार्थ्यांचा हमखास प्रश्न, आणि तो योग्य आहे. पत्रा लावला तर तो स्वतःच तिसरा शेजारी होतो. अँटेनाचा प्रवाह त्यावर पसरतो, जुळवलेलं माप बिघडतं. गच्चीवर लोखंडी पाण्याची टाकी आली तेव्हा कित्येकांची चित्रं गेली होती ती याचमुळे.

सपाट पट्टीच्या अँटेनांची अडचण निराळी. तांब्याचा चौकोन, खाली इन्सुलेटरचा थर, त्याखाली तांब्याची जमीन, असा हा पॅच अँटेना. आपल्या आयआयटी मुंबईच्या गिरीश कुमार यांनी के. पी. रे यांच्याबरोबर रुंद पट्ट्याच्या अशा अँटेनांवर २००३मध्ये लिहिलेलं पुस्तक परदेशातही वापरलं जातं. पॅचमध्ये कपलिंगच्या वाटा अनेक. हवेतून एक, सामाईक जमिनीतल्या प्रवाहातून दुसरी, आणि थराच्या पृष्ठभागाला चिकटून सरपटत जाणाऱ्या लहरीतून तिसरी. ही तिसरी वाट अडवायला डॅन सिव्हनपायपर यांनी १९९९मध्ये मांडलेली अळंबीच्या आकाराची रचना कामी आली. वर तांब्याची टोपी, मधोमध जमिनीशी जोडणारा दांडा, आणि अशा टोप्यांच्या ओळी. ठरावीक पट्ट्यात पृष्ठभागाची लहर या ओळी ओलांडूच शकत नाही. फान यांग आणि याह्या रहमत-सामी यांनी २००३मध्ये दोन पॅचच्या मध्ये अशा अळंब्या लावून कपलिंग सुमारे ८ डेसिबेलने, म्हणजे जवळपास एक षष्ठांशावर आणलं. त्यांचा तो लेख आजही या विषयातल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या टेबलावर असतो.

आमच्या चाळीच्या जागी आता टॉवर आहे आणि त्याच्या गच्चीवर ५जीचे पांढरे पॅनेल. भारतात ५जी १ ऑक्टोबर २०२२ला सुरू झालं. साडेतीन गिगाहर्ट्झला लहर साडेआठ सेंटिमीटरची, म्हणून पॅनेलच्या आत छोट्या अँटेनांच्या रांगाच्या रांगा चार-साडेचार सेंटिमीटरवर बसतात. एकेकाळी सगळ्या चाळीच्या मिळून जेवढ्या काड्या होत्या, तेवढे अँटेना एका फळीत. तेही सगळे एकमेकांशी जोडलेले. त्यातला एक बिघडला तर शेजाऱ्यांची जुळणीही बदलते. पॅनेलच्या लहरींची शलाका फार तिरकी वळवायची झाली की कपलिंग कधी इतकं एकवटतं की एखाद्या कोनात सगळी शक्ती आतच परतते आणि पॅनेल त्या दिशेला आंधळं होतं. पोझार आणि शॉबर्ट यांनी छापील अँटेनांच्या बाबतीत हे १९८४मध्येच दाखवलं होतं. जिथे जागा परवडते तिथे मात्र आजही माणूस अंतरच निवडतो. नारायणगावजवळ खोडदला जाऊन पाहा: गोविंद स्वरूप यांच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या. चौदा मधल्या चौकात, सोळा दूरवर पसरलेल्या तीन हातांवर, शेतांच्या मधून.

प्रयोगशाळेतला बदल मला गच्चीवरच्या बदलाहून जास्त लागतो. आमच्या वेळी सूक्ष्मलहरी निर्माण करणाऱ्या क्लायस्ट्रॉन नळीचा बाक असे. क्लायस्ट्रॉन तापायची वाट पाहायची, मग वेव्हगाइडच्या फटीतला प्रोब मिलिमीटर मिलिमीटर सरकवायचा, मीटरचा काटा कुठे चढतो, कुठे पडतो ते वहीत मांडायचं. उभी लहर डोळ्यांना दिसत नसे, पण बोटांना ती कुठे आहे ते कळे. आज विद्यार्थी संगणकावर दोन पॅच काढतो, मध्ये कड्यांची ओळ घालतो, रात्रभर सॉफ्टवेअर चालवतो आणि सकाळी एस-टू-वनचा, म्हणजे एका अँटेनातून दुसऱ्यात जाणाऱ्या शक्तीचा, आलेख खाली गेलेला दाखवतो. हे सामर्थ्य आमच्याजवळ असतं तर आम्ही काय काय केलं असतं, असं मला खरंच वाटतं. चीर पाव मिलिमीटरने वाढवून पाहायची तर आम्हाला नवी पट्टी कोरावी लागली असती. त्याला एक आकडा बदलावा लागतो.

पण त्या आलेखावर भाळून चालत नाही. कपलिंग कमी दिसलं याचा अर्थ शक्ती बाहेर गेली असा होतोच असं नाही. ती कड्यात उष्णता होऊनही संपली असेल. एफआर-४चा स्वस्त बोर्ड, त्यावर घुमणारं बारीक कडं, म्हणजे ऱ्हास ठरलेला. शेजाऱ्याला काही मिळालं नाही आणि आकाशालाही नाही, अशा अँटेनाचा काय उपयोग? म्हणून मी तपासताना पहिल्यांदा कार्यक्षमतेचा आकडा विचारतो, मग आयसोलेशनचा. दुसरं, जमिनीत एखादी खाच पाडून तिला मेटामटेरियल म्हणायची जी पद्धत पडली आहे ती मला मान्य नाही. खाच कामाची असेल, प्रवाह अडवत असेल, तर तिला खाचच म्हणावं. लहरीपेक्षा खूप लहान घटक पुरेशा संख्येने असले तरच पदार्थ म्हणण्यासारखं काही तयार होतं. आणि पट्टा अरुंद राहतो ही या रचनांची खरी मर्यादा आहे. कडं एका फ्रिक्वेन्सीला घुमतं. आजच्या फोनला पट्टे डझनावारी हवेत. बाजारातल्या फोनमध्ये म्हणूनच अजून अँटेनांची दिशा आडवी-उभी बदलणं, जमिनीत चिरा पाडणं, दोघांना जोडणारी छोटी विरोधी तार घालणं अशा साध्या उपायांवर जास्त भिस्त आहे. मेटामटेरियलची भिंत आपल्या जागी, ठरावीक पट्ट्याच्या रांगेत, फार चांगली. सर्वत्र ती घुसवण्याची घाई नको.

तेव्हाचं चांगलं की आताचं, असं मला विचारलं तर कामगिरीत आजचं शंभर पटींनी वरचं आहे, यात वाद नाही. शिकण्यासाठी मात्र ती गच्ची अधिक चांगली होती. तिथे लहर मीटरच्या मापात होती, कपलिंग हाताच्या अंतरावर होतं, आणि परिणाम लगेच खालून ओरडून सांगितला जाई. आजच्या मुलाला कपलिंग फक्त आलेखातल्या खड्ड्याच्या रूपात भेटतं.

म्हणून माझी अभियांत्रिकी आणि तंत्रनिकेतनांतल्या शिक्षकमित्रांना विनंती आहे. काही हजार रुपयांत आता हातात मावणारा नेटवर्क ॲनालायझर मिळतो. हार्डवेअरच्या दुकानातून ॲल्युमिनियमच्या नळ्या आणा, साधे दोन डायपोल करा, आणि कॉलेजच्या गच्चीवर मुलांना ते पावलापावलाने जवळ आणू द्या. पडद्यावर आयसोलेशन ढासळताना त्यांनी पाहावं, मग मध्ये तिसरी, कशालाही न जोडलेली नळी धरून ते बदलताना पाहावं. दोन तासांचं काम आहे. कड्यांची भिंत संगणकावर काढायला मुलांना त्यानंतर बसवा.